दुखण्याची पैसेवारी

आमच्या भाडेकरारात बारा कलमं होती. पहिली दहा सगळ्यांच्या करारात असतात तीच. अकरावं असं होतं : "आवारातील शेवग्याच्या झाडास टेकण्यापूर्वी किंवा हात लावण्यापूर्वी भाडेकरूने खोड वरपासून खालपर्यंत स्वतः पाहावे. तरीही अळीचा दंश झाल्यास त्यास घरमालक जबाबदार राहील." आणि बारावं : "दंश झाल्यास ती जागा चोळू नये. घरमालकास ताबडतोब वर्दी द्यावी."

सहीसाठी काढलेलं पेन मी हातातच धरून ठेवलं. म्हटलं, "काका, अकराव्या कलमात टायपिंगची चूक झालीय. 'जबाबदार राहणार नाही' असं पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चूक नाय ती. झाड माझं, अळ्या माझ्या झाडावरच्या. तुम्ही कामून जबाबदार?"

याला तेरा वर्षं झाली. मी तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला नुकताच लागलो होतो, अजूनही तिथंच आहे. येणाऱ्या मालाचं माप घ्यायचं, ठरलेल्या मापात बसलं तर पास, नाही तर परत, हे माझं काम. पडेगावला त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही घेतला, तेव्हा आमची लेक पाच वर्षांची होती. खाली ते एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगा पुण्याला. महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे गल्लीत सगळे त्यांना सर्कलसाहेब म्हणत. आम्ही काका म्हणायचो, लेक आजोबा म्हणायची.

उंच, काटकुळे, पांढरा शर्ट. खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. लाल पेन फक्त दुरुस्तीसाठी. रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत बेचाळीस पावलं आहेत, असं त्यांनी पहिल्या आठवड्यात मला सांगितलं. मी मोजली, पंचेचाळीस भरली. तसं सांगितल्यावर म्हणाले, "तुमचे पाय शहरातले हायेत." तिथून आमचं जमलं. मोजून बघणारा माणूस त्यांना आवडायचा, उत्तर चुकलं तरी.

शेवग्याचं झाड फाटकाच्या आत डाव्या हाताला आहे. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ अळ्या यायच्या. रात्री वर जाऊन पाला खायच्या आणि दिवसभर खोडाला झुंडीनं चिकटून बसायच्या. लांबून पाहिलं तर कुणी झाडाला जुनं घोंगडं गुंडाळलंय असं वाटावं. अंगावरचा एकेक केस म्हणजे विषारी कुसळ. कातडीत मोडला की आग, मग लाल गांधी, मग सूज. कुणाला तासाभरात उतरतं, कुणाला दोन दिवस लागतात.

गल्लीतल्या प्रत्येकानं त्यांना झाड तोडायला नाहीतर टेंभा लावून अळ्या जाळायला सांगितलं होतं. ते म्हणायचे, "या झाडाच्या शेंगा आठ घरं खातात. अळ्या दोन महिने, शेंगा त्यापुढं. दोन महिन्यांवरून साऱ्या वर्षाचा निकाल कसा द्यायचा?" आणि टेंभ्यानं साल जळते म्हणून तोही नाही. रोज सकाळी हातमोजे घालून, लांब चिमट्यानं एकेक अळी उचलून ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. मोठ्यानं मोजत. वर आम्हाला चहा पिताना ऐकू यायचं, "एकशे बारा... एकशे तेरा..." झाडाभोवती चुन्याची गोल रेघ मारलेली असायची, बरोबर चार फुटांवर. ही हद्द. पाऊस झाला की रेघ वाहून जायची आणि पाऊस थांबला की ते पुन्हा मारायचे.

एवढं करूनही कुणाला तरी अळी लागायचीच. दूध टाकणारा, मीटर बघायला आलेला माणूस, पत्रिका द्यायला आलेले पाहुणे. मग काका पत्र्याचा डबा घेऊन बाहेर यायचे. डब्यात चिकटपट्टीचं भेंडोळं, भिंग, साबणाची वडी, डॉक्टरांना विचारून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि एक जाड रजिस्टर. बर्फाचा एक ट्रे फ्रिजमध्ये वेगळा, त्याच्यावर 'दंश' अशी चिठ्ठी.

उपचाराचा क्रम कधी बदलला नाही. आधी दुखणाऱ्याचा मोकळा हात पकडायचा, कारण तो चोळायला निघालेला असतो. "चोळलं की केस मोडून आत जातो. आपल्याला त्यो बाहेर पाहिजे." मग चिकटपट्टी हलकेच लावायची आणि झटक्यात उपटायची. मग नवी पट्टी. भिंगातून बघायचं. केस दिसायचे थांबले की साबणाच्या पाण्यानं धुवायचं, मग फडक्यात गुंडाळून बर्फ. समोरचे रिक्षावाले चाचा दर वेळी सांगायचे, "चूना लगाव ना काका, दो मिनट में आराम." माझी बायको सांगायची, घोंगडीनं पुसा, आमच्या गावाकडं तसंच करतात. काका दोघांचं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढची पट्टी फाडायचे.

उपटलेल्या पट्ट्या ते टाकून देत नसत. केसांसकट रजिस्टरात चिकटवायचे. पुरावा म्हणून. शेजारी पंचनामा : नाव, वय, दंशाची जागा, वेळ, झाडाचं खोड पाहिलं होतं की नाही, आणि खाली दोन पंचांच्या सह्या. चाचा कायमचे पंच.

"क्या काका, कीड़े का बी पंचनामा करते क्या?"

"कीड़े का नाय, आदमी का. सही करो."

चाचा सही करायचे.

आणि पंचनाम्याच्या उजव्या बाजूला तीन रकाने. इथं थोडं समजावून सांगावं लागेल. पीक कसं आलंय याचा गावोगाव अंदाज काढतात, त्याला पैसेवारी म्हणतात. त्यात पैशाचा व्यवहार काही नसतो. भरपूर पीक म्हणजे रुपया, अर्धं बुडालं तर पन्नास पैसे. पन्नासच्या खाली गेलं की गाव दुष्काळी धरतात आणि सरकारी मदत मिळते. ती तीनदा काढतात. पीक उभं असताना डोळ्यांनी पाहून काढतात ती नजरअंदाज, महिन्याभरानं सुधारित आणि शेवटी अंतिम. काकांची सारी नोकरी यात गेली. त्यामुळे दुखणंही ते याच मापानं लिहायचे. रुपया म्हणजे काही दुखत नाही. पन्नासच्या खाली म्हणजे दुष्काळ. अळी लागल्याबरोबर नजरअंदाज, वीस मिनिटांनी सुधारित, दुसऱ्या दिवशी अंतिम.

"हं, किती?" ते विचारायचे. दूधवाला तळहातावर फुंकर मारत म्हणायचा, "लई आग व्हतीय ओ साहेब." "लई हा आकडा नाय. पैशात सांगा." बिचारा विचार करून म्हणायचा, "पस्तीस." काका तेवढंच लिहायचे. ना चौतीस, ना छत्तीस.

मला हे पटत नसे. मी एकदा म्हटलंही, "काका, माप म्हटलं की गेज पाहिजे. दोन माणसांना एकच अळी लागली तर एक साठ सांगेल, एक वीस. याला काय अर्थ?"

"एकच अळी असंल. कातडी दोन हायेत ना?"

"आणि कुणी खोटं सांगितलं तर?"

"त्येचं त्यो बघंल. आपल्याला लिहायचंय."

पैसेवारीची सवय त्यांना सगळीकडे होती. बायको अधूनमधून वरून पिठलं-भाकरी पाठवायची. ताट परत देताना ते आकडा सांगायचे. एकदा म्हणाले, "पिठलं एक्क्याण्णव." बायको ताट घेऊन वर आली ती फणकारतच. "नऊ पैसे कुठं गेले विचारा त्यांना." मी जिन्यावरून विचारलं. खालून आवाज आला, "मिठात!" त्यानंतर पंधरा दिवस पिठलं गेलं नाही. सोळाव्या दिवशी गेलं, आणि ताटासोबत चिठ्ठी आली : "सुधारित : सत्त्याण्णव."

त्या रजिस्टरात माझाही पंचनामा आहे. तोही झाडाला हात न लावता. एका रविवारी मी खाली बसून रजिस्टर चाळत होतो. आतापर्यंत किती दंश, कोणत्या महिन्यात जास्त, याचा तक्ता करून द्यावा असं मनात होतं. एका पानावरची तीन वर्षांपूर्वीची चिकटपट्टी सुकून उचकटली होती. मी ती अंगठ्यानं दाबून बसवायला गेलो. दोन मिनिटांत अंगठा पेटला. तीन वर्षं वाळलेल्या केसांत एवढं विष शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. काकांना मात्र मनापासून आनंद झाला. दंशाची जागा : उजवा अंगठा. ठिकाण : रजिस्टर, पान एकतीस. "खोड पाहिले होते काय?" या रकान्यात त्यांनी "लागू नाही" लिहिलं. मी नजरअंदाज साडेत्रेसष्ट सांगितली. म्हणाले, "यात अर्धा पैसा धरीत नाय. पण तुमचं दुखणं, तुमचा आकडा." आणि साडेत्रेसष्टच लिहिलं. त्या रात्रीपासून प्रत्येक जुन्या पट्टीवर दुसरी पट्टी आली.

आता त्या सोमवारचं सांगतो. लेक नऊ वर्षांची होती, चौथीत. त्या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून ऑगस्टअखेर तिचं पोट अकरा वेळा दुखलं होतं. त्यातले सोमवार सात. मी कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. डॉक्टरांना दोनदा दाखवलं, काही निघालं नाही. तेव्हापासून मी तिला एकच विचारायचो, "आज वार कोणता?"

आदल्या रात्री मोठा पाऊस झाला होता. चुन्याची रेघ वाहून गेली होती. सकाळी सात वीसला लेक दप्तर घेऊन फाटकाशी व्हॅनची वाट पाहत उभी होती आणि हात मागं करून झाडाला टेकली. तिची किंकाळी ऐकून मी खाली गेलो, तोवर काका डबा घेऊन पोहोचले होते. दोन्ही दंडांच्या मागच्या बाजूला आणि मानेवर गांधी उठल्या होत्या. काकांनी तिचे हात आपल्या गुडघ्यांत धरून पट्ट्या उपटायला सुरुवात केली.

"माय, किती? पैशात सांग."

ती रडत रडत म्हणाली, "अठरा."

एवढा खाली आकडा त्या रजिस्टरात कधी गेला नव्हता. मी म्हटलं, "अठरा म्हणजे सगळा गाव बुडाला गं. चाळीस तरी म्हण."

काकांनी वर न बघता अठरा लिहिलं.

पट्ट्या झाल्या, साबणानं धुतलं, बर्फ लावला, वयाप्रमाणे अर्धी गोळी दिली. सात पस्तीसला व्हॅन आली. मी तिचं दप्तर उचललं. म्हटलं, "उपचार झालाय. वर्गात बसल्यावर लक्षही राहणार नाही. चल."

"बाबा, नको ना. बरं नाही वाटत."

"वार कोणता आज?"

"थांबा," काका म्हणाले. "सुधारित काढू द्या."

"काका, ती सोमवारी अशीच करते. तुम्हाला माहीत नाही."

"मला अळी माहीत हाय. वीस मिनिटं होऊ द्या."

व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला. मी काकांशी वाद घालत राहिलो. त्यांच्या रजिस्टरातला कुठलाही आकडा खरा धरता येत नाही, हेही बोललो. व्हॅन निघून गेली. मी रागानं दप्तर पायरीवर आपटलं. काकांनी घड्याळ पाहिलं आणि लेकीसमोर उकिडवे बसले.

"आता किती, माय?"

"बारा," ती म्हणाली. "आणि आजोबा, ओठ जाड लागतायत."

मी म्हणणार होतो की बघा, आकडा आणखी खाली नेला की सुट्टी पक्की, हे तिला कळलंय. पण काका उभे राहिले होते. त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

"आजवर साऱ्यांची सुधारित वर गेलीय. गोळीनं, बर्फानं. एकाचीबी खाली आली नाय. हिची आलीय. दवाखाना." आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडले, "चाचा! रिक्षा!"

रजिस्टर माझ्या हातात होतं. त्या रविवारनंतर त्यातले आकडे मीच तक्त्यात मांडले होते, आणि काका म्हणत होते ते खरं होतं. मी लेकीकडं पाहिलं. पापण्या सुजायला लागल्या होत्या. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तो किती वेळापासून येत होता कुणास ठाऊक, माझ्या बोलण्यात मला ऐकू आला नव्हता.

छावणीतल्या दवाखान्यात चाचांनी रिक्षा थेट पायरीला लावली. लगेच इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. तासाभरानं तिचा श्वास सरळ झाला. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "घरी किती वेळ गेला?"

मी म्हटलं, "पंचवीस मिनिटं."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. पंचवीसपैकी उपचाराची पंधरा सोडली तर उरलेली माझी होती, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

दुपारी लेक खाटेवर झोपली होती. बायको डबा आणायला घरी गेली होती. मी आणि काका दोन बाजूंना स्टुलांवर बसलो होतो. मी विचारलं, "काका, तुम्ही तिचं कसं खरं मानलं? मी बाप असून मानलं नाही."

त्यांनी हातातल्या पेनाचं टोपण काढलं.

"मी तलाठी व्हतो तव्हाची गोष्ट," ते म्हणाले. "एका गावाची पैसेवारी सत्तेचाळीस निघाली. मी सोता शेतात उभं राहून, कापून, मोजून काढलेली. वरून निरोप आला, पन्नासच्या वर पाहिजे. नाव घेत नाय कुणाचं, गेले ते. आता आमच्याकडं नियम असा, की आकडा बदलायचा तर जुन्यावर एकच रेघ मारायची, जुना वाचता आला पाहिजे, आन बाजूला सही करायची. म्हंजे उद्या कुणी विचारलं तर सही करणाऱ्यानं सांगायचं, कामून बदललं."

"मग?"

"मग मी खाडाखोड केलीच नाय. कोरा कागद घेतला आन एक्कावन्न लिहिलं. लई सुंदर अक्षरात." टोपण लागलं. "त्या गावाला त्या साली काय मिळालं नाय. फुडल्या साली मी गेलो तर कुणी एक शब्द बोललं नाय. बसायला घोंगडी टाकली. चहा पाजला."

त्यांनी पेन खिशाला लावलं.

"तव्हापासून ठरवलं. ज्येचं दुखतं, त्येचा आकडा. आपण निस्तं लिहायचं."

त्यानंतर ते कधी त्या गावाबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर पावसाची भुरभुर चालू असतानाच त्यांनी चुन्याची रेघ मारली. ती वाहून गेली. पुन्हा मारली. मी जिन्यावरून पाहत होतो. शेवटी खाली उतरलो आणि दोघांनी मिळून चार फुटांवर विटा पुरल्या. त्या अजून आहेत. त्या पंचनाम्यात "जबाबदार" या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं. मी त्यांच्या नावाखाली माझं लिहिलं. त्यांनी हरकत घेतली नाही. घरी कॅलेंडरवरच्या खुणा मी त्याच आठवड्यात पुसल्या. पोटदुखीच्या पुढच्या सोमवारी लेकीला वार न विचारता आकडा विचारला. तिनं सत्तर सांगितला आणि थोडा विचार करून शाळेत गेली.

या गोष्टीला सात वर्षं झाल्यावर, लेक सोळा वर्षांची आणि काका एकोणऐंशीचे असताना, एका सकाळी मोजणी अचानक थांबली. "अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव..." आणि पुढं काही नाही. आम्हाला वर वाटलं, दमले असतील. लेक मात्र कप खाली ठेवून जिन्याकडं पळाली. तिच्यामागं मी.

ते पायरीवर बसले होते. मांडीवर डबा. वरच्या फांदीवरून अळ्यांचा अख्खा पुंजका सुटून कॉलरमधून शर्टाच्या आत गेला होता. स्वतःच्या पाठीला त्यांनी स्वतःच पट्ट्या लावायचा प्रयत्न केला होता, त्यातली एक कोपरावर लोंबत होती. शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती. लेकीनं त्यांचा शर्ट काढला, पाठ पाहिली आणि पट्ट्या उपटायला लागली. मला म्हणाली, "बाबा, बर्फ. आणि चाचांना हाक मारा." पट्ट्या झाल्यावर तिनं रजिस्टर उघडलं.

"आजोबा, नजरअंदाज?"

"साठ."

तिनं साठ लिहिलं. मला हायसं वाटलं. म्हातारा माणूस काटक आहे, असं मी बर्फ बांधता बांधता मनात म्हटलं. चाचा रिक्षा घेऊन आले, तर काका म्हणाले, "कशाला उगीच? साठ म्हंजे काय दुष्काळ नाय. सकाळच्या टायमाला तुमचा धंदा बुडतो."

"धंदे की छोडो काका. चेहरा देखो आपका."

लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली होती. तिनं घड्याळ पाहिलं नाही. "सुधारित?"

"बासष्ट," ते म्हणाले. पण ते म्हणायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. कपाळ घामानं भिजलं होतं आणि चेहरा राखेसारखा झाला होता.

ज्याचं दुखतं त्याचा आकडा, हे त्यांचंच वाक्य. सात वर्षं आमच्या घरात ते मोडलं गेलं नव्हतं. मी थांबलो होतो. चाचाही थांबले होते.

लेकीनं पेनाचं टोपण लावलं. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही सत्तेचाळीसचं एक्कावन्न करताय."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मला कळलं, की त्या दुपारी दवाखान्यातल्या खाटेवर ती झोपली नव्हती.

"तू जागी व्हतीस?"

"हो."

"सारं ऐकलंस?"

"हो. आता खरं सांगा."

त्यांनी विटांच्या रिंगणाकडं पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बावीस. आन छातीत बी धरल्यावाणी व्हतंय."

चाचांनी आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. रिक्षात बसता बसता ते मागं वळून लेकीला म्हणाले, "खोडू नको सारं. एकच रेघ मार. जुना आकडा वाचता आला पाहिजे. आन सही कर बाजूला."

"केली, आजोबा. बसा आता."

त्याच दवाखान्यात त्यांना पाच दिवस ठेवलं. विष अंगात भिनलं होतं आणि हृदयावर ताण आला होता. वेळेत आणलं, असं या वेळी डॉक्टरांनी स्वतः म्हटलं. सहाव्या दिवशी घरी येताना फाटकाशी रिक्षा थांबवून त्यांनी खोड वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मगच आत आले. बायकोनं त्या दिवशी पिठलं पाठवलं. ताट परत आलं तेव्हा ते म्हणाले, "रुपया." बायको म्हणाली, "मीठ विसरले होते मी." ते म्हणाले, "माहीत हाय."

मागच्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, एका दुपारी झोपेतच ते गेले. मुलगा पुण्याहून आला होता, सामान बघून गेला. डबा आणि रजिस्टर त्यानं आमच्याकडं दिलं. आता चिमटा आणि बादली माझ्याकडं आहे. पंचनामा लेक लिहिते. माझी मोजणी तेवढी मोठ्यानं होत नाही, बायको म्हणते मनातल्या मनात ओठ हलतात.

त्यांच्या दंशाचं पान मी मध्यंतरी पाहिलं. उघडताना हातमोजे घातले होते. लेकीच्या अक्षरात 'साठ' आणि 'बासष्ट', दोन्हींवर एकेक सरळ रेघ, दोन्ही आकडे स्वच्छ वाचता येतात. शेजारी 'बावीस' आणि तिची सही. घाईत केलेली, शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलेलं. तिनं हे रिक्षा निघण्याआधी, उभ्या उभ्या केलं होतं.

त्या सहीच्या खाली दुसरं अक्षर आहे. दवाखान्यातून आल्यावर कधीतरी लिहिलेलं, लाल पेनानं :

"दुरुस्ती मान्य."

आणि त्यांची सही.